नागरी हक्क चळवळीतले वकील आणि जज, ज्यांची नावं आपल्यापर्यंत पोचलीच नाहीत

नीराकाठ

नमस्कार मंडळी. परवा भाचीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीतली नावं हवी होती. मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स, माल्कम एक्स, इथवर आली आणि तिची गाडी अडली. मला मात्र पटापट सुचत गेली ती सगळी वकिलांची आणि जजांची नावं, आणि त्यातलं एकही तिच्या पुस्तकात नव्हतं. मी तालुक्याच्या कोर्टात १८ वर्षं दिवाणी प्रॅक्टिस करते, त्यामुळे असेल, पण मला ही चळवळ कायम दावे, अर्ज, तारखा, साक्षी यातूनच दिसत आलीये. म्हणून हा धागा.

सुरुवात चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टनपासून. जन्म १८९५, वॉशिंग्टन. पहिल्या महायुद्धात लष्करात अधिकारी होता, तिथे गोऱ्या सैनिकांकडून जी वागणूक मिळाली ती पाहून ठरवलं की जिवंत परत गेलो तर कायदा शिकणार आणि ज्यांना उलट उत्तर देता येत नाही त्यांच्यासाठी लढणार. हार्वर्डला गेला, तिथल्या लॉ रिव्ह्यूचा, म्हणजे विद्यार्थी चालवतात त्या कायद्याच्या नियतकालिकाचा, पहिला कृष्णवर्णीय संपादक झाला. मग १९२९ पासून हॉवर्ड विद्यापीठाचं लॉ स्कूल हातात घेतलं. ते तोवर संध्याकाळचं कॉलेज होतं, नोकरी करून शिकणाऱ्यांचं. ह्यूस्टनने ते पूर्ण वेळ केलं, मान्यता मिळवली, आणि पोरांना असं पिळून काढलं की विचारू नका. वकील एकतर समाज घडवणारा इंजिनिअर असतो नाहीतर समाजावर वाढलेलं बांडगूळ, असं तो वर्गात सांगायचा. थर्गुड मार्शल त्याचाच विद्यार्थी. मार्शल बाल्टिमोरचा, पण मेरीलँड विद्यापीठाचं लॉ स्कूल काळ्यांना घेत नव्हतं म्हणून रोज ट्रेनने वॉशिंग्टनला ये-जा करायचा, आणि फी भरायला त्याच्या आईने लग्नातल्या अंगठ्या गहाण टाकल्या होत्या.

आता ह्यूस्टनची खरी करामत. १८९६ च्या प्लेसी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलं होतं की काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवा पण समान ठेवा, मग हरकत नाही. ह्यूस्टनने ओळखलं की हा निकाल लगेच मोडायला गेलो तर तोंडावर आपटू आणि वर आणखी एक वाईट निकाल पदरात पडेल. म्हणून तो म्हणाला बरं, समान म्हणताय ना, मग द्या समान. साउथ कॅरोलायनात स्वतः गाडी घेऊन गेला, सोबत टाइपरायटर आणि फिल्मचा कॅमेरा, आणि काळ्या मुलांच्या पडक्या खोल्या आणि गोऱ्या मुलांच्या विटांच्या शाळा, दोन्ही चित्रित करून आणल्या. पुरावा! १९३४-३५ सालची गोष्ट आहे ही.

आणि पहिला वार केला तो लॉ स्कूलवर. कारण काळ्यांसाठी वेगळं लॉ स्कूल बहुतेक राज्यांनी काढलेलंच नव्हतं, आणि लॉ स्कूल म्हणजे काय ते कुठल्याही जजला समजावून सांगावं लागत नाही. १९३८ साली मिसूरीच्या लॉइड गेन्सची केस सुप्रीम कोर्टात जिंकली. राज्य म्हणत होतं बाहेरच्या राज्यात शिक, फी आम्ही भरतो. कोर्ट म्हणालं नाही, तुमच्याच राज्यात सोय करा. पण गेन्स त्या कॉलेजात कधी बसलाच नाही. मार्च १९३९ मध्ये शिकागोत पोस्टाची तिकिटं आणायला जातो म्हणून बाहेर पडला, तो आजतागायत कुणाला दिसला नाही.

ह्यूस्टन २२ एप्रिल १९५० ला हृदयविकाराने गेला, वय ५४. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ५ जूनला, टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या दोन विद्यापीठांविरुद्धच्या केसेस मार्शलच्या टीमने जिंकल्या. ओक्लाहोमावाला वादी मॅकलॉरिन साठीच्या घरातला शिक्षक, त्याला प्रवेश दिला पण वर्गाबाहेरच्या कोपऱ्यात वेगळं बसवलं, लायब्ररीत वेगळं टेबल, कँटीनमध्ये वेगळी वेळ. तोही प्रकार कोर्टाने मोडला. ज्याने वीस वर्षं हे शेत नांगरलं त्याला पीक बघायला मिळालं नाही हे मला फार लागतं.

तुम्हाला माहीत असलेली नावं टाका.

रानवाटा

ताई छान लिहिलंय, पण माझं मत वेगळं आहे. हक्क रस्त्यावर मिळाले. अलाबामातल्या माँटगमेरीत काळ्यांना बसमध्ये वेगळं बसवायचे, तर लोक ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकून पायी चालले, मार खाल्ला, तुरुंगात गेले, म्हणून बदल झाला. वकील-जजांना हिरो करायला लागलो की सामान्य माणसाचं श्रेय जातं. माँटगमेरीच्या बसेस लोकांनी बदलल्या, कोर्टाने नाही.

क्लीव्हलंडचा मंदार

रानवाटा, माँटगमेरीचंच उदाहरण घेऊ. बहिष्कार प्रचंड होता, प्रश्नच नाही. पण बसमधलं वेगळं बसणं कायद्याने बंद झालं ते ब्राउडर विरुद्ध गेल या केसमुळे, आणि त्यात रोझा पार्क्स वादी नव्हत्याच. त्यांच्यावर राज्याच्या कोर्टात फौजदारी केस चालू होती, ती तिथेच रखडली असती, म्हणून वकिलाने मुद्दाम त्यांना बाहेर ठेवलं. वकिलाचं नाव फ्रेड ग्रे, वय तेव्हा पंचविशीच्या आसपास. अलाबामातलं लॉ स्कूल काळ्यांना घेत नव्हतं म्हणून तो आमच्या या क्लीव्हलंडला येऊन शिकला. मी ज्या रस्त्याने ऑफिसला जातो त्याच भागात ते कॉलेज आहे, आणि इथे दहा वर्षं राहून मला हे गेल्या वर्षी कळलं. शिकत असतानाच त्याने मनाशी ठरवलं होतं की परत जायचं आणि जे जे वेगळं ठेवलंय ते सगळं मोडायचं.

वादी होत्या चौघी. ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्विन. कॉल्विन पंधरा वर्षांची असताना २ मार्च १९५५ ला बसमध्ये गोऱ्यांसाठी सीटवरून उठली नाही म्हणून तिला अटक झाली होती, म्हणजे याच कारणासाठी झालेल्या रोझा पार्क्सच्या अटकेच्या नऊ महिने आधी. कोर्टात सरकारी वकील तिला खोदून खोदून विचारत होता की तुम्हाला कुणी फूस लावली, बसने जाणं का सोडलंत. पोरीने सांगितलं, आम्हाला वाईट आणि घाणेरडी वागणूक मिळत होती म्हणून.

पाचवी वादी पण होती. तिच्यावर दबाव आला आणि दुसऱ्याच दिवशी तिने सांगून टाकलं की मला या केसमध्ये पडायचं नव्हतं. लगेच ग्रेवर परवानगीशिवाय वकिली केल्याचा गुन्हा, अटक. पुढे तो गुन्हा टिकला नाही. मग सैन्यभरतीतून त्याला चर्चचा उपदेशक म्हणून असलेली सूट काढून घेतली. एवढं सगळं एका पोरसवदा वकिलाच्या मागे.

आणि रानवाटा, तुमचा मुद्दा पण खराच आहे, कारण १३ नोव्हेंबर १९५६ ला काय झालं बघा. बहिष्कार टाकलेल्या लोकांसाठी ज्या खाजगी गाड्या फिरत होत्या त्या बंद करायला शहराने राज्याच्या कोर्टात मनाई हुकूम मागितला होता, त्याची सुनावणी चालू होती, किंग स्वतः कोर्टात बसलेले, आणि हुकूम मिळणार हे दिसत होतं. गाड्या बंद म्हणजे बहिष्कार संपला. तेवढ्यात पत्रकाराने त्यांच्या हातात चिठ्ठी दिली, सुप्रीम कोर्टाने ब्राउडर केसमधला खालच्या कोर्टाचा निकाल कायम केला. लोकांनी वर्षभर तग धरली म्हणून केसला वेळ मिळाला आणि केस आली म्हणून लोकांचं वर्ष वाया गेलं नाही, मला तरी हे दोन वेगळे करता येत नाहीत.

नीराकाठ

मंदार, वकीलपत्र दिलंच नव्हतं म्हणणारा पक्षकार काय असतो ते आमच्याकडे कुठल्याही वकिलाला विचारा. पण त्यासाठी अटक! तरी मला त्या पाचव्या बाईचा राग येत नाही. तिची रोजीरोटी गोऱ्यांच्या घरी होती, करणार काय.

सुलभा जोशी

मी निवृत्त शिक्षिका. ब्राउडरमधल्या जजांबद्दल थोडं सांगते. तीन जज होते, दोन एका बाजूला, एक विरुद्ध. त्या दोघांपैकी एक फ्रँक जॉन्सन, ३७ वर्षांचे, नुकतेच नेमलेले. दुसरे रिचर्ड राइव्हज्, माँटगमेरीतच वाढलेले, वयाने मोठे. निकालानंतर राइव्हज् यांच्याशी जुन्या मित्रांनी बोलणं टाकलं. त्यांचा तरुण मुलगा काही वर्षांपूर्वी अपघातात गेला होता, त्याच्या थडग्यावर कुणीतरी कचरा आणून टाकला.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते. स्वतःवर दगड आला तर माणूस सोसतो हो.

जॉन्सन यांच्या आईच्या घरावर १९६७ मध्ये बॉम्ब टाकला, सुदैवाने त्या वाचल्या. काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगमेरी मोर्चाला मार्च १९६५ मध्ये परवानगी दिली ती याच जॉन्सननी, आणि ज्याच्या सरकारविरुद्ध ती दिली तो गव्हर्नर वॉलेस त्यांचा लॉ कॉलेजातला वर्गमित्र. निकालात त्यांनी लिहिलं की अन्याय जेवढा प्रचंड, त्या प्रमाणात निषेधाचा हक्कही मोठा असला पाहिजे, आणि इथला अन्याय प्रचंड आहे. रानवाटा, तुम्ही म्हणता तो रस्ता, त्या रस्त्यावर चालायची परवानगी एका जजने सही करून दिली होती.

रानवाटा

सुलभाताई, थडग्याचं वाचून मलाही काही सुचेना. पण मी अजूनही म्हणेन की सही करायची वेळ जजवर लोकांनी आणली. सेल्माच्या पुलावर मोर्चातल्या लोकांची डोकी फुटली नसती तर तो अर्ज कोर्टात आला असता का? बाकी तुमचं मान्य.

वाचनवेडा

बायकांबद्दल कुणीच बोललं नाही अजून. कॉन्स्टन्स बेकर मॉटली. ब्राउन केस, म्हणजे जिच्यात काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या ती, तिचा मूळ दावा लिहिण्यात मॉटलीचा हात होता. १९४९ मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सनला शिक्षकांच्या समान पगाराच्या केसमध्ये रॉबर्ट कार्टरबरोबर उभी राहिली तेव्हा काळी बाई वकिली करताना कशी दिसते ते बघायला कोर्ट भरलं होतं. सुप्रीम कोर्टात १० केसेस चालवल्या आणि ९ जिंकल्या. जेम्स मेरेडिथ या काळ्या विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठात १९६२ मध्ये प्रवेश मिळवून दिला तो तिने. १९६६ मध्ये फेडरल जज झाली, त्या पदावरची पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

आणि पॉली मरे! हॉवर्डच्या लॉ स्कूलमध्ये वर्गात एकटी मुलगी. तिने वर्गात म्हटलं की समान द्या समान द्या किती दिवस करत बसणार, वेगळं ठेवणंच घटनाबाह्य आहे असं सरळ म्हणा. वर्ग हसला. तिने प्राध्यापक स्पॉट्सवूड रॉबिन्सनशी १० डॉलरची पैज लावली की २५ वर्षांत प्लेसी उलटेल. हे १९४४ च्या सुमाराचं. दहाच वर्षांत उलटला, आणि तिने तेव्हा लिहिलेला निबंध त्याच रॉबिन्सनने ब्राउनची तयारी करताना बाहेर काढला होता, तिला हे कितीतरी वर्षांनी कळलं. वर्गात पहिली आली तरी पुढच्या शिक्षणाला हार्वर्डने घेतलं नाही, कारण बाई. आधी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने घेतलं नव्हतं, कारण काळी.

नीराकाठ

वाचनवेडा, मॉटलीचं वाचताना माझी सुरुवातीची वर्षं आठवली. एका कोर्टात मी पहिल्यांदा उलटतपासणीला उभी राहिले तर मागच्या बाकांवर दुसऱ्या केसेसची माणसं येऊन बसली होती, बाई काय विचारते बघू म्हणून. मॉटलीच्या मानाने ते काहीच नाही हे मलाही कळतं, पण तो घशाला पडलेला कोरडेपणा ओळखीचा आहे.

आता ज्याच्यासाठी खरं तर धागा काढला तो माणूस. जज वेटीज वॉरिंग. १८८० चा जन्म, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचं जुनं घराणं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलं, वडील गुलामीच्या बाजूने लढलेल्या सैन्यातले. १९४२ मध्ये फेडरल जज झाला तेव्हा वयाची साठी ओलांडलेली. हा माणूस काही वेगळं करेल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसेल.

१२ फेब्रुवारी १९४६. सार्जंट आयझॅक वुडर्ड, काळा सैनिक, महायुद्धातून सुटून त्याच दिवशी बसने घरी निघालेला, अंगावर गणवेश. लघवीला थांबायचं म्हणाला म्हणून ड्रायव्हरशी बाचाबाची झाली. पुढच्या गावात ड्रायव्हरने पोलीस बोलावले आणि पोलीसप्रमुखाने दंडुक्याने मारून त्याचे दोन्ही डोळे फोडले. केस वॉरिंगसमोर चालली. सरकारी वकिलाने काही तयारीच केली नव्हती, सगळे गोरे ज्युरर, अर्ध्या तासात निर्दोष. वॉरिंगची बायको एलिझाबेथ कोर्टात बसली होती, ती रडत बाहेर पडली. त्यानंतर त्या दोघांनी रात्री बसून या विषयावर वाचन सुरू केलं. पासष्टी उलटलेला जज नव्याने अभ्यासाला बसतो! १९४७ मध्ये त्याने काळ्यांना डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत मतदान खुलं केलं आणि निकालात लिहिलं की साउथ कॅरोलायनाने आता देशात परत यायची वेळ झाली आहे.

मग साउथ कॅरोलायनातल्याच क्लॅरेंडन काउंटीची शाळांची केस. गोऱ्या मुलांना तीस बस, काळ्यांना एकही नाही. पोरं कोसच्या कोस चालत शाळेत जायची. लोकांनी वर्गणी काढून जुनी बस घेतली तर ती सारखी बंद पडायची आणि पेट्रोलला पैसे मिळेनात. लीव्हाय पिअर्सन नावाच्या शेतकऱ्याने रेव्हरंड जोसेफ डिलेन यांच्या सांगण्यावरून बससाठी दावा लावला. काढून टाकला गेला. का? तर त्याची जमीन दोन शाळा-हद्दींच्या सीमेवर, आणि कर तो पलीकडच्या हद्दीत भरतो, म्हणून त्याला दावा करायचा अधिकारच नाही. मी हे वाचलं आणि म्हटलं अरे हा तर आपल्या बांधाच्या भांडणातला मुद्दा, सातबारा एका गावात आणि घर दुसऱ्या. खताला उधारी बंद, कापणीचं यंत्र कुणी देईना, पिअर्सनचं उभं पीक शेतात सडलं.

मग वीस पालक पुढे आले. पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज, पेट्रोल पंपावर कामाला. त्याला नाताळच्या आदल्या दिवशी कामावरून काढलं, हातात सिगारेटचा खोका भेट देऊन. बायको मोटेलात साफसफाई करायची, तिलाही काढलं.

आणि आता बघा वॉरिंगने काय केलं. नोव्हेंबर १९५० मध्ये मार्शल सुविधा समान करा असा दावा घेऊन आला. वॉरिंगने त्याला सांगितलं हा मागे घे, नवा दावा आण आणि वेगळ्या शाळाच घटनेविरुद्ध आहेत असं त्यात म्हण. असा दावा तीन जजांपुढे जाणार आणि बाकीचे दोघे विरुद्ध जाणार हे वॉरिंगला ठाऊक होतं, म्हणजे आपण हरणार हेही ठाऊक. पण तीन जजांच्या निकालावर अपील थेट सुप्रीम कोर्टात जातं, मधल्या पायऱ्या नाहीत. आम्ही वकील मंडळी हरायला घाबरतो, अशिलाला काय तोंड दाखवायचं म्हणून. मार्शलही कचरला होता. इथे जजच सांगतोय की खाली हर, म्हणजे वर जाता येईल. मे १९५१ मध्ये केस चालली तेव्हा क्लॅरेंडनचे लोक पहाटेपासून चार्ल्सटनच्या कोर्टाबाहेर रांगेत उभे होते. निकाल दोन विरुद्ध एक. वॉरिंगने वेगळं मत लिहिलं, वेगळं ठेवणं म्हणजेच विषमता, दुसरा काही पुरावा लागत नाही. १७ मे १९५४ ला ब्राउनच्या निकालात सुप्रीम कोर्टाने एकमताने तेच म्हटलं.

तोवर वॉरिंग चार्ल्सटनमध्ये नव्हता. घराबाहेर धमकी म्हणून क्रॉस जाळून झाला होता, खिडकीवर दगड मारून झाले होते, आणि त्याला राज्याबाहेरचं एकेरी तिकीट काढून द्यायचा ठराव विधानसभेत आला होता. १९५२ मध्ये निवृत्त होऊन न्यूयॉर्कला गेला. १९६८ मध्ये शव परत आणलं, तेव्हा दफनाला जवळपास दोनशे काळी माणसं आणि जेमतेम डझनभर गोरी.

वाचनवेडा

वॉरिंगबद्दल एक ऐकलंय, त्याने पहिल्या बायकोशी घटस्फोट घेऊन दुसरं लग्न केलं म्हणून चार्ल्सटनच्या मोठ्या लोकांनी वाळीत टाकलं आणि त्याचा राग त्याने निकालांमधून काढला, असं त्याचे विरोधक म्हणायचे.

नीराकाठ

म्हणायचे खरे. पण घटस्फोट १९४५ चा आणि काळ्या शिक्षकांना गोऱ्यांइतकाच पगार द्या असा हुकूम त्याने त्याआधीच काढला होता. आणि समजा वाळीत टाकल्यामुळेच त्याला बाहेरच्या माणसाचं दुःख कळायला लागलं असेल, तर त्यात वाईट काय?

दीक्षाभूमीकर

नागपूरहून जयभीम. ताई, हरून वर जायचं वाचलं आणि महाडची केस आठवली. १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी प्यायलं हे सगळ्यांना माहीत, पण त्यानंतर विरोधकांनी दिवाणी दावा लावला की तळं खाजगी आहे, आणि तो दावा दहा वर्षं चालला हे किती जणांना माहीत आहे? बाबासाहेब त्यात प्रतिवादी. डिसेंबरच्या सत्याग्रहाच्या तोंडावर कोर्टाचा मनाई हुकूम आला आणि जमलेले लोक तळ्याला नुसती फेरी मारून परतले. शेवटी १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या पीठाने विरोधकांचं अपील फेटाळलं, अस्पृश्यांना मनाई करण्याची रूढी अनादी काळापासून आहे हे सिद्ध करता आलं नाही म्हणून. हे ब्रूमफील्ड म्हणजे ज्यांनी १९२२ मध्ये गांधीजींना राजद्रोहात सहा वर्षांची शिक्षा दिली तेच.

आणि अमेरिकेशी धागा जोडायचाच तर १९४६ मध्ये बाबासाहेबांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, अस्पृश्यांची आणि तिथल्या काळ्यांची स्थिती किती सारखी आहे ते सांगून, आणि संयुक्त राष्ट्रांकडे जायचा जो अर्ज तिकडे तयार होत होता त्याची प्रत मागितली होती. द्यु बॉइसनी उत्तरही दिलं. म्हणजे त्याच वर्षी तिकडे आयझॅक वुडर्डचे डोळे गेले होते. माझे आजोबा चौथी शिकलेले, त्यांना हे काही माहीत नव्हतं, पण कोर्टाचा कागद घरात आला की आधी कपाळाला लावायचे आणि मग कुणाकडून तरी वाचून घ्यायचे.

सुलभा जोशी

दीक्षाभूमीकर, शाळेत इतकी वर्षं महाड शिकवलं पण दहा वर्षांच्या दाव्याबद्दल पुस्तकात ओळ नव्हती आणि मीही शोधली नाही. आजोबांचं लिहिलंत ते मनात राहील.

नीराकाठ, ते रेव्हरंड डिलेन, ज्यांनी लोकांना तयार केलं, त्यांचं पुढे काय झालं?

नीराकाठ

सुलभाताई, त्यांचं समर्टनमधलं घर १९५१ मध्ये जळलं. अग्निशमनवाले आले आणि घर गावाच्या हद्दीबाहेर आहे म्हणून बघत उभे राहिले. पुन्हा हद्दच. मग चर्चने त्यांची बदली लेक सिटीला केली, तिथलं चर्च ऑक्टोबर १९५५ मध्ये जाळलं. काही दिवसांनी रात्री घरावर गोळ्या झाडल्या, यांनीही बंदुकीने उलट झाडल्या, गाडीवर खूण राहावी म्हणून, आणि त्याच रात्री राज्य सोडलं. गोळ्या झाडणाऱ्यांना काही झालं नाही, वॉरंट निघालं ते डिलेन यांच्यावर. ते न्यूयॉर्क राज्यात गेले, बफेलो शहरात नवं चर्च सुरू केलं, आणि त्या चर्चच्या नावात आज डिलेनच्या जोडीला वॉरिंग पण आहे.

डिलेन १९७४ मध्ये गेले. साउथ कॅरोलायनाने त्यांच्यावरचं वॉरंट रद्द केलं २००० साली.